मधला झेंडा दिसेना

जमीन मोजण्याच्या सरकारी नोकरीत माझी तीसेक वर्षं गेली. मोजणीदार म्हणतात तो मी. निवृत्त होऊन अहमदपुरात घर बांधलं, तरी लोक अजून 'गायकवाड साहेब, नुसतं येऊन बघा' म्हणत बांधावर नेतात. सरकारी मोजणीला वेळ लागतो, तोवर दोन भावांत डोकी फुटू नयेत म्हणून माझ्यासारख्याचा शब्द चालतो.

असाच एका गावी दोन भावांच्या बांधावर गेलो होतो. सोयाबीन गुडघ्याएवढं आलेलं. दोन टोकांना हद्दीचे दगड होते आणि मधली रेघ तेवढी दाखवायची होती. या कामाला लाल-पांढऱ्या रंगाच्या काठ्या लागतात, आम्ही त्यांना झेंडे म्हणतो. दोन टोकांना दोन झेंडे, मध्ये एक. पहिल्या झेंड्यामागं उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं बघायचं. तिन्ही एकात एक लपले की रेघ सरळ. हे मी इतक्या वेळा केलंय की डावा डोळा आपसूक मिटतो.

डोळा मिटला आणि मधला झेंडा गायब.

"झेंडा उभा धर की," मी ओरडलो.

"उभाच हाय सायेब," थोरला भाऊ म्हणाला.

शेवटचा झेंडा दिसत होता, पण कंबरेत वाकलेला. मी थोरल्याला उजवीकडं घे म्हणालो, अजून घे म्हणालो. तो सरकत सरकत धाकट्याच्या सोयाबीनमध्ये शिरला. धाकटा इतका वेळ गुमान होता, तो उसळला. "सायेब, तुमी मोजून राहिले का माझं रान वाटून राहिले?" मी दोन्ही डोळे उघडले. तिन्ही झेंडे लख्ख दिसले आणि मधला हातभर आत गेलेला होता. उन्हाची तिरीप आली म्हणून वेळ मारून नेली, झेंडा मागं घ्यायला लावला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून काम उरकलं. चहा झाला, त्यांनी फटफटीपर्यंत सोडायला माणूस दिला. घरी येईपर्यंत मी प्रत्येक विजेच्या खांबाकडं एकेक डोळा मिटून बघत होतो. डाव्या डोळ्याला खांब सरळ होते. उजव्याला सगळे खांब मध्येच वाकलेले.

पिकायची वाट

आमच्याकडं साठी ओलांडलेल्या माणसाला दिसेनासं झालं की निदान दवाखान्याच्या आधी चहाच्या टपरीवर होतं. मोतीबिंदू. माझं निदान गोविंदरावांनी केलं. गोविंदराव म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर आणि माझे रोजचे मित्र. त्यांचे दोन्ही मोतीबिंदू शिबिरात निघालेले, त्यामुळं या विषयात त्यांचा अधिकार मोठा.

"घाई करू नका साहेब. कच्चा काढला तर वाया जातो. पिकू द्या."

"पिकला हे कळतं कसं?"

"एकदम दिसायचं बंद होतं, मग कळतं की."

हे मी पुढं बऱ्याच डॉक्टरांना सांगितलं आणि प्रत्येकानं कपाळाला हात लावला. हल्ली मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरजच नसते म्हणे. पण त्या वेळी टपरीवरच्या कुणालाच यात काही चूक वाटली नाही. आंबा, केळी, पीक, फोड, सगळं पिकल्यावर काढणारी माणसं आम्ही. मीही वाट बघत बसलो. दिवाळी गेली, तुरी खळ्यावर आल्या, थंडी गेली.

मधल्या काळात काय काय झालं ते लिहितो, कारण हे वाचणाऱ्या कुणाला तरी ते ओळखीचं वाटेल. उजव्या डोळ्यानं पाहिलं की समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, तोंडाच्या जागी मात्र धुरकट डाग. दाराची चौकट मध्ये पोट काढून उभी. दोन्ही डोळे उघडे असले की यातलं काही नाही, सगळं ठीक. डावा डोळा एकटाच दोघांचं काम ओढत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं असतं.

शेवटी लातूरला गेलो तो मोतीबिंदू काढायच्या तयारीनंच. बायकोनं, म्हणजे सुमननं, पिशवीत टॉवेल आणि दोन दिवसांचे कपडे भरले होते. डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, बराच वेळ आत डोकावले आणि म्हणाले, "बाबा, मोतीबिंदू किरकोळ आहे. तो तुमचा आजारच नाही. मागचा पडदा बिघडलाय, पडद्याच्या डॉक्टरकडं जा." सुमन त्या भरलेल्या पिशवीकडं बघत राहिली. येताना बसमध्ये तिनं एकच विचारलं, "डोळ्याला मागून पडदा आस्तो?"

फुली

आमची मुलगी प्रज्ञा अर्धापूरला शाळेत शिकवते. तिथून नांदेड जवळ, म्हणून नांदेडच्या पडद्याच्या डॉक्टर ठरल्या. तरुण बाई, बोलायला मोकळ्या.

तपासणीसाठी एका यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायची असते. आत हिरवी फुली दिसते, तिच्याकडं बघत राहायचं. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, फुलीकडं बघा."

"कुठाय फुली?"

"बरोबर समोर."

"समोरच नाही ना."

त्यानं यंत्रावरचा हात काढला आणि डॉक्टरबाईंना बोलावलं. तेवढ्यावरून मला काय ते समजलं.

डॉक्टरबाईंनी संगणकावर माझ्या डोळ्यांच्या पडद्याचं चित्र दाखवलं. डाव्या डोळ्याचा थर नांगरटीनंतर कुळवाची पाळी घातलेल्या रानासारखा सपाट होता. उजव्याचा मध्येच फुगलेला आणि फाटलेला. पडद्याच्या अगदी मधोमध जी जागा असते तिला मॅक्युला म्हणतात. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं बारीक काम ती जागा करते. उतारवयात काहींची ही जागा झिजते. काहींच्या बाबतीत तिच्याखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि झिरपतात. माझ्या उजव्या डोळ्यात त्या झिरपून झिरपून वण पडला होता.

"मग आता?"

"याचं मधलं दिसणं परत येणार नाही. कडेचं राहील, त्यामुळं भिंतीला धडकणार नाही तुम्ही. आता डावा सांभाळायचा. त्यातही थोडे डाग आहेत. त्यात झिरपायला सुरुवात झाली आणि लगेच आलात तर इंजेक्शननं बरंच वाचवता येतं. उशीर केलात तर त्याचंही असंच होईल."

आधी आलो असतो तर, असं मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. त्याऐवजी तावातावानं विचारलं, "हे मलाच कसं झालं? आमच्या भावकीत कुणाला नाही असलं."

त्या म्हणाल्या, "बाहेरच्या बाकावर बसा थोडा वेळ आणि शेजारच्यांना विचारा."

बाहेर भिंतीला लागून लांबच लांब बाक होता आणि सगळी पांढरी डोकी. विचारणं हा माझा धंदाच होता, बांधावर लोकांना बोलतं करण्यात आयुष्य गेलं. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला, तीन चष्मे बदलले. देगलूरकडच्या एक आजी म्हणाल्या, लेकानं सांगितलं वय झालं, आता काय बघायचंय तुला. एक केळीचा व्यापारी म्हणाला, मोतीबिंदू पिकायची वाट बघत होतो साहेब. मी त्याच्याशी हात मिळवला. कुणी अर्ध्या वाटेत आलेलं, कुणी फार उशिरा. साठी-सत्तरीच्या माणसांत हा आजार किती पसरलेला आहे ते मला त्या बाकानं सांगितलं, आणि बाकावर पोचलीच नाहीत अशी किती असतील ते वेगळंच.

मग मला माझी आई आठवली. शेवटच्या काही वर्षांत ती आमच्याशी बोलताना मान तिरकी करायची आणि भलतीकडंच बघायची. म्हातारी रुसली, म्हातारीला भ्रम झाला, असं घरात म्हणायचे. ती डोळ्याच्या कडेनं माझं तोंड शोधत होती. भावकीत कुणाला नाही म्हणून मी डॉक्टरांना ठणकावून सांगून आलो होतो. त्या बाकावर मला फार वाईट वाटलं.

फरशी

डॉक्टरांनी एक काम दिलं. रोज सकाळी एक डोळा झाकून सरळ रेघांकडं बघायचं. चौकड्याचा कागद दिला होता, पण मी न्हाणीतल्या फरश्या पसंत केल्या, रोज जाणं तर होतंच. उजवा डोळा तळव्यानं झाकायचा आणि फरश्यांचे सांधे बघायचे. सरळ असले की दिवस सुरू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा बघितल्या, आता स्वतःच्या डोळ्याची हद्द रोज तपासत होतो. 

पावसाळा संपता संपता एके सकाळी एक सांधा किंचित खाली झुकला. फार नाही, केसभर. तोंड धुतलं, पुन्हा बघितलं. झुकलेलाच. मी ओल्या अंगानं बाहेर आलो आणि सुमनला म्हणालो, "चल नांदेडला."  तिनं तव्यावरची भाकरी उतरवली आणि गॅस बंद केला.

सुई

डोळ्यात इंजेक्शन म्हटलं की लोक दोन पावलं मागं सरकतात. मीही सरकलो होतो, म्हणून जसं असतं तसं सांगतो. आधी बधिर करायचे थेंब पुन्हा पुन्हा टाकतात. मग भोवती तपकिरी औषध लावून चेहऱ्यावर भोक असलेलं कापड टाकतात. पापण्या मिटू नयेत म्हणून लहानसा चिमटा लावतात, सगळ्यात बेजार करतो तो हा चिमटा. मग डॉक्टर म्हणतात, वर बघा. दाबल्यासारखं वाटतं आणि झालं. कापड टाकलं की मी मनात त्रिशरण सुरू करतो, बुद्धं सरणं गच्छामि. दुसऱ्या फेरीचं दुतियम्पि म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असते. नंतर नजरेत एखाद-दोन काळे गोल तरंगतात आणि एक-दोन दिवसांत विरतात. संध्याकाळी डोळ्यात खडा गेल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी भाकरी, ठेचा, सगळं चालतं.

पहिल्या वेळी मी टेबलाची कड सोडेना. सिस्टरनं नुसता माझा हात धरून ठेवला. तेवढा हात पुरला.

हे दर महिन्याला सुरू झालं. आदल्या दिवशी एसटीनं अर्धापूर, रात्री लेकीकडं मुक्काम, सकाळी नांदेड. सुमनला ते जड जायचं. "लेकीच्या दारात दर म्हयन्याला पिशवी घेऊन उभं ऱ्हायचं, जावयाला काय वाटल?" जावयाला काही वाटत नव्हतं, तो आमच्यासाठी केळीचा चांगला फणा बाजूला काढून ठेवायचा. औषधाचे थेंब सुमनच टाकायची. आधी साबणानं हात धुणार, मग म्हणणार, "हालू नका." तिचा हात कधी चुकला नाही.

भांडण झालं ते फटफटीवरून. प्रज्ञानं एका मुक्कामात सरळ सांगितलं, "पप्पा, गाडीची किल्ली मला द्या."

"मला दिसतं."

"एका डोळ्यानं दिसतं, आणि त्यात महिन्याला सुई चालू आहे."

"इतकी वर्षं गाव न गाव त्याच गाडीवर फिरलो, मला शिकवते का?"

"म्हणूनच म्हणते ना. समोरून पोरगं आडवं आलं तर?"

मी रागावून ताट सरकवलं. सुमन मध्ये पडली नाही. नंतर आम्ही दोघंच असताना म्हणाली, "माझा बी जीव मागं बसून टांगनीला लागतोय. सांगितलं न्हाई, तुमाला राग यील म्हणून." मी किल्ली दिली. आता पायी जातो आणि चहाच्या टपरीवर उशिरा पोचतो.

तीन-चार सुयांनंतर न्हाणीतला सांधा बराचसा सरळ झाला. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं आणि तारखा चुकवायच्या नाहीत. पेपर वाचतो. सही जागेवर होते.

टपरीवरची तपासणी

डावा डोळा वाचल्यावर मला एक खोड लागली. भेटेल त्या म्हाताऱ्याला मी एक डोळा झाकायला लावू लागलो. टपरीसमोर किराणा दुकानाचं शटर आहे, त्याच्या आडव्या पट्ट्या याला झकास. "उजवा झाका. पट्ट्या सरळ? आता डावा झाका." मंडळी थट्टा करायची. गोविंदराव तर मला बघूनच ओरडायचे, "आलं, साहेबांचं फुकट शिबिर आलं!" त्यांच्यावर माझा विशेष डोळा होता. पिकू द्या म्हणणारे तेच. पण त्यांचे दोन्ही डोळे ठणठणीत निघाले. मला आनंद व्हायला हवा होता, तसा तो थोडा उशिरा झाला.

शटरासमोर उभ्या केलेल्यांपैकी दोघांना पट्ट्या वाकड्या दिसल्या. एकाला मी स्वतः बसमध्ये बसवून दिलं. दुसरा अजून पुढच्या आठवड्यात जातो म्हणतो. त्याच्या घरी जाऊन मी त्याच्या सुनेला सांगून आलोय.

गजं

मागच्या मुक्कामाची गोष्ट. अर्धापूरला प्रज्ञाच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. खिडकीला उभे गज आहेत. मी सवयीनं एक डोळा झाकून त्यांच्याकडं बघत होतो आणि सुमन भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ती प्रज्ञाला म्हणाली, "बघ तुझा बाप. खिडकी दिसली की लागले मोजायला." आणि माझी नक्कल करायला तिनं शेंगांची धूळ लागलेला हात उजव्या डोळ्यावर ठेवला, मान ताठ केली आणि माझ्या आवाजात म्हणाली, "पट्ट्या सरळ?"

प्रज्ञा हसली. मीही हसलो. सुमनचा हात डोळ्यावरून खाली आला नाही.

"ही मधली गजं कुणी वाकवली गं?" ती म्हणाली.

 मी उठून तिच्याजवळ गेलो. तिचा हात काढला, दुसऱ्या डोळ्यावर ठेवला. "आता?"

"आता सरळ हायत."

पुन्हा बदलला. "आता?"

"वाकडी." मग माझ्या तोंडाकडं बघून घाबरली आणि म्हणाली, "अवो, हातावरची धूळ गेली आसंल. मला काय धाड भरली हाय?"

टपरी, बसस्टँड, सगळीकडचे डोळे मी झाकले होते. माझ्याच डोळ्यात रोज थेंब टाकणाऱ्या बाईला एकदाही विचारलं नव्हतं. ती माझ्याबरोबर दर महिन्याला त्या दवाखान्यात येत होती, त्या बाकावर बसत होती, आणि तिला तपासावं असं डॉक्टरांपासून लेकीपर्यंत कुणाच्या मनात आलं नाही. ती पिशवी धरणारी बाई होती. तिच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या तारखेला आम्ही दोघं आत गेलो. फुली तिला दिसली, पण तिचे दांडे वाकडे होते. डॉक्टरबाईंनी चित्र पुढं केलं. डाव्या डोळ्याचा मधला थर थोडासा उचललेला, खाली ओल. नुकतंच सुरू झालंय, म्हणाल्या. त्यांनी दुपारी माझ्याआधी तिला घ्यायचं ठरवलं.

हिरवा झगा घालून तिला आत नेलं आणि दार लोटलं. मी बाहेरच्या बाकावर. आत काय काय होतं ते मला पाठ होतं. आता थेंब, आता कापड, आता तो चिमटा. माझ्या स्वतःच्या डोळ्यात इतक्या वेळा सुई गेली, मी त्रिशरण म्हणून मोकळा झालो. त्या दिवशी बाकावर मला त्याचा पहिला शब्दही आठवेना. प्रज्ञानं पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. आतून तिचा आवाज येतो का म्हणून मी कान लावून बसलो होतो. आवाज आला नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, उजवा डोळा गेला कळलं त्या दिवशीही नाही.

दार उघडलं. डोळ्यावर पट्टी, झगा गळ्याशी वाकडा बांधलेला, सिस्टरच्या हाताला धरून सुमन आली. मी पुढं होऊन तिचा दंड धरला.

"दुखलं?"

"न्हाई. उगी तोंड पाडून बसत होता तुमी इतके दिवस."

मला हसायचं होतं. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, चांगल्यातून आणि गेलेल्यातूनही. तिनं पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

"पुसा आता," ती म्हणाली. "लोक बघून राहिलेत."